किल्ली माझ्याकडे असते

दवाखान्यातल्या बाईनं पत्ता लिहून दिला
औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर:
जुनं वाचनालय, तिसरा मजला, गुरुवार, साडेसहा.
आणि पेनाला टोपण लावता लावता म्हणाली,
"उशिरा गेलात तरी चालतं."
मी महिनाभर उशीर केला.
चिठ्ठी कोटाच्या खिशात बाटलीला घासत राहिली,
गुरुवार तेवढा वाचता येत होता.

नार्वात नोव्हेंबरमध्ये चारलाच काळोख पडतो.
नदीपलीकडे दुसरा देश, त्याचे दिवे आमच्या पाण्यात.
सूतगिरणीत मी एकवीस वर्षं मागावर उभी होते,
तुटलेला धागा डोळ्यांआधी बोटांना कळायचा.
गिरणी बंद झाली. बोटं राहिली.
बोटांना काहीतरी धरायला हवं होतं.

दारू चढते म्हणतात.
मी तर उतरतच गेले:
आधी शेजारणींच्या नजरेतून, मग मुलीच्या,
मग एका फेब्रुवारीत
बसथांब्याच्या बाकावरून खाली, बर्फात.

त्या गुरुवारी तो जिना
मी तीनदा चढले, दोनदा उतरले.
दुसऱ्यांदा उतरले ती थेट कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत.
दुकान बंद.
देवाची कृपा वगैरे काही नाही,
मालकाची दाढ दुखत होती.

दार उघडलं तर आत नऊ बायका आणि एक अकॉर्डियन.
मला वाटलं, असंच असेल.
बसले. कुणीतरी वही पुढे केली. मी गायले,
अर्धा तास, कुठल्याशा नावाड्याची गाणी,
वाट बघत, की आता कुणीतरी रडेल,
आता मला नाव विचारतील.
शेवटी तामारा इलिनिच्ना कानाशी लागली,
"पोरी, तुला समोरचं दार हवंय ना?
माझा नवरा तिथंच जायचा.
आवाज बरा आहे तुझा. हे कडवं संपव, मग जा."

समोरच्या दाराआड पाचच माणसं.
आर्वो, मासेमार, त्याच्या रशियनला एस्टोनियन हेल.
गेनादी, दाताचा डॉक्टर, दोन्ही हात टेबलाखाली
(दुकानदाराची दाढ त्यानंच उपटली होती, दुपारी).
बाकीच्यांची नावं मी ऐकली नाहीत,
मी माझंच घोकत होते.
पाळी आली. म्हणाले, झिनाइदा.
पुढचं वाक्य अडकलं,
मागात धोटा अडकतो तसं.
कुणी ओढलं नाही.
यंत्र बंद करून थांबावं तसे सगळे थांबले.
मग आर्वो म्हणाला, "पुढच्या गुरुवारी."

पुढच्या गुरुवारी मी गेले नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
एप्रिलमध्ये गेले, तोंडाला वास घेऊन.
माझी खुर्ची तिथंच होती.
म्हणजे तीच नव्हे, ती मधल्या काळात मोडली होती,
पण एक होती.

याला चार वर्षं झाली.
मधे एकदा पुन्हा बर्फ, एकदा मुलीचा फोन.
आता किल्ली माझ्याकडे असते.
सहाला येते, खिडकी उघडते, चहा टाकते.
समोर बायका सूर लावतात,
त्यात या हिवाळ्यापासून एक सूर कमी आहे,
तामाराची वही मात्र अजून मांडतात.

आज जिन्यावर बूट वाजतायत.
दुसऱ्या मजल्यावर थांबले.
उतरले.
मी बाहेर जात नाही, हाक मारत नाही.
दार सताड उघडं ठेवते
आणि कपबशा जरा जास्तच वाजवते.

कोपऱ्यावरचं दुकान आज उघडं आहे,
मालकाच्या उरलेल्या दाढा ठणठणीत.
बूट पुन्हा वाजतायत.
वर की खाली,
चहाला उकळी आलीय, नीट कळत नाही.